मक्ता आणि बटाई : घरगुती वीजदरांच्या निवडीचा विचार

जुन्या दप्तरांचें वाचन करणाऱ्यास 'आकार' हा शब्द नवा नाहीं. गांवचा कमाल आकार, त्यांतून मिळालेली सूट, झालेला वसूल आणि राहिलेली बाकी, या चार खांबांवर मराठेशाहींतील वसुलीचा कागद उभा असतो. तोच शब्द आज नवी मुंबईंतील घरोघरीं महिन्यास एकदां येणाऱ्या एका कागदावर छापलेला असतो : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि मागील देणें राहिलें असल्यास थकबाकी. वीजबिल हा कागद कोणी संग्राह्य मानीत नाहीं. परंतु आपल्या देशांत दोन हजार वर्षें ज्या प्रश्नाचा विचार होत आला, तोच प्रश्न या कागदांत दडलेला आहे. देणें ठरीव असावें कीं बदलतें असावें, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आज केवळ विद्वच्चर्चेचा राहिलेला नाहीं. दिवसाच्या वेळेप्रमाणें वापर नोंदणारे नवे मीटर घरोघरीं बसूं लागले आहेत, आणि कोणत्या वेळीं वीज वापरली यावर बिल कमीजास्त होऊं लागलें आहे. ज्यांचीं मुलेंबाळें इंग्लंडांत आहेत, त्यांना तर वर्षा-दोन वर्षांसाठीं दर बांधून घ्यावा कीं बाजाराबरोबर चालूं द्यावा, याची निवड करावीच लागते. त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण सेवानिवृत्त असून त्यांच्या घरीं पोथ्यांचीं कपाटें आहेत. म्हणून निवडीची एक कसोटी जुन्या अनुभवांतून काढून दाखविण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

(१) वांटा, ठराव आणि इस्तावा

कौटिलीय अर्थशास्त्रांत कोठारांत येणाऱ्या उत्पन्नाचे प्रकार सांगतांना पिण्डकर आणि षड्भाग हीं नांवें शेजारींशेजारीं आलीं आहेत. पिण्डकर म्हणजे गांवावर एकत्र बसविलेला ठरीव कर. षड्भाग म्हणजे धान्याचा सहावा हिस्सा. पहिला पिकाकडे पाहत नाहीं. दुसरा पिकाबरोबर वाढतो व घटतो. मराठी कागदांतील मक्ता आणि बटाई हीं साधारणतः याच जोडीचीं पुढचीं नांवें होत. शिवकालीन वसुलीविषयीं सभासदानें सांगितलेली पद्धति वांट्याची आहे : पिकाचे पांच वांटे करून तीन रयतेस व दोन सरकारास. वांट्यांत पीक बुडालें तर सरकारचाहि हिस्सा बुडतो. मक्त्यांत पीक बुडो वा तरो, रक्कम तीच.

यावरून वांटा तेवढा दयाळू आणि मक्ता तेवढा कठोर असें मात्र ठरत नाहीं. सुकाळांत मक्ता धरणारा वरची सारी वाढ आपल्या घरीं ठेवतो. वांटेकऱ्यास तिचा भाग द्यावाच लागतो. तात्पर्य, दोहोंतील खरा भेद रकमेच्या कमीजास्तपणाचा नाहीं. अनिश्चिततेचें ओझें कोणाच्या माथीं, हा तो भेद आहे. प्रस्तुत लेखाचें सार एवढेंच. पुढील मजकूर त्याचें विवरण होय.

या दोहोंच्या मध्यें तिसरा एक प्रकार आहे, त्याकडे दुर्लक्ष होतां कामा नये. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यास इस्ताव्याचा कौल मिळे. त्यांत पहिल्या वर्षीं देणें थोडें, पुढें वर्षागणिक चढतें, व अखेर पुरा आकार. येथें देणें बदलतें खरें, पण कसें बदलणार तें कौल घेतांनाच ठाऊक असतें. म्हणून देण्याचे प्रकार दोन न मानतां तीन मानावे : ठरीव, आगाऊ सांगून बदलणारें, आणि आगाऊ न सांगतां बदलणारें. वीजबिल वाचतांना ही त्रयी फार उपयोगी पडते.

(२) ठरीव देण्याचा अनुभव

इंग्रजी अंमलाच्या आरंभीं पुणें प्रांतांत प्रिंगल यानें जी पाहणी केली, तींत निव्वळ उत्पन्नाच्या शेंकडा ५५ हा सरकारचा हिस्सा मानून रोख आकार बसविला. पुढें धान्याचे भाव घसरले, आकार मात्र तसाच राहिला, आणि जमिनी ओस पडूं लागल्या. तेव्हां सन १८३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापूर तालुक्यांत नवा, हलका आकार बसवून तो तीस वर्षांपर्यंत कायम केला. हा ठराव टिकला, कारण रक्कम झेपण्याजोगी होती आणि मुदत माहीत होती. मुदत संपली तेव्हां काळ बदललेला होता. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) कापसास आलेला भाव ओसरत होता, आणि नवे आकार चढे ठरले. सन १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें सावकारांच्या वह्या जाळण्यापासून जे दंगे सुरू झाले, त्यांच्या कारणांत सावकारी कर्जाबरोबर या चढ्या आकाराचीहि गणना होते.

यांतून दोन गोष्टी निघतात. ठरीव देण्याचें बरेंवाईटपण तें ठरविण्याच्या वेळेवर अवलंबून असतें. महागाईच्या शिखरावर बांधलेला दर पुढें उतार आला तरी बांधणाऱ्यास सोडीत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कुणब्याचें उत्पन्न पावसाबरोबर बदलतें, म्हणून ठरीव रोख देणें त्याला जाचतें. सेवानिवृत्ताचें वेतन ठरीव असतें, म्हणून तेंच ठरीव देणें त्याला आधार होतें. देण्याची जात मिळकतीच्या जातीशीं जुळवून पाहावी, हा नियम वसुलीच्या इतिहासांतून घेण्याजोगा आहे.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींतील इजाऱ्याचा धडाहि विसरूं नये. इजारदार सरकारास ठरीव रक्कम देई व हंगामाचा धोका आपल्या अंगावर घेई. परंतु त्या धोक्याची किंमत तो रयतेपासून पुरेपूर उकळी. आपला धोका दुसरा कोणी घेतो असें दिसलें, कीं त्याचें मोल त्या ठरावांत कोठें घातलें आहे हें शोधावें.

(३) बांधाचा खर्च

नवी मुंबई ज्या भूमीवर वसली ती ठाणें आणि जुना कुलाबा या जिल्ह्यांतील खाडीकांठची. सन १९७० च्या मार्चमध्यें सिडकोची स्थापना होऊन नगराची आंखणी सुरू झाली. त्यापूर्वीं तेथें भातखाचरें, मिठागरें आणि खारजमिनी होत्या. या दोन जिल्ह्यांत समुद्रापासून मिळविलेल्या जमिनींची शिलोत्री नांवाची एक वहिवाट होती. तींत कुळाकडून सरकारी आकाराखेरीज बिघ्यामागें मणभर भात घेण्याची चाल होती. तें बाहेरचा बांध दुरुस्त राखण्यासाठीं असे. ज्यानें यंदा खाचर पेरलें त्याला बांध हवा, आणि ज्यानें पडीत टाकलें त्यालाहि हवा. कारण बांध फुटला तर खारें पाणी दोघांच्याहि जमिनींत शिरतें.

वीजबिलांतील स्थिर आकार समजून घेण्यास याहून जवळचें उदाहरण सांपडणार नाहीं. तारा, रोहित्रें आणि विजेचीं केंद्रें सज्ज ठेवण्याचा खर्च कोणी दिवा लावला नाहीं म्हणून थांबत नाहीं. इंग्लंडांत जॉन हॉपकिन्सन यानें सन १८९२ मध्यें हें तत्त्व मांडलें : ग्राहकाकडून एक भाग सज्जतेबद्दल व दुसरा भाग प्रत्यक्ष वापराबद्दल घ्यावा. आजच्या बिलांतील दुहेरी मांडणी त्याच विचाराची आहे. कुलूप लावून ठेवलेल्या घराला बिल कां येतें, या नेहमींच्या प्रश्नाचें उत्तरहि यांतच आहे.

सज्जतेचा ठराव अविचारानें केला तर काय होतें, हें महाराष्ट्रानें रत्नागिरी जिल्ह्यांत पाहिलें आहे. दाभोळ प्रकल्पाशीं राज्य वीज मंडळानें सन १९९३ मध्यें केलेल्या करारांत, वीज उचलली वा न उचलली तरी क्षमतेबद्दलची रक्कम देण्याची अट होती, आणि तिची सांगड डॉलरशीं घातलेली होती. करार एकदां रद्द होऊन फेररचना झाली. ७४० मेगावॉटांचा पहिला टप्पा सन १९९९ मध्यें सुरू झाला, आणि दोनच वर्षांत, सन २००१ मध्यें, वाद विकोपास जाऊन केंद्र बंद पडलें. येथें मक्त्याची रक्कम ठरीव दिसत होती. ज्या नाण्यांत ती मोजावयाची तें नाणेंच चल होतें. कराराचा मजकूर तपासतांना आंकड्याबरोबर चलनहि पाहावें, हें नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस वेगळें सांगावयास नको.

(४) बिलाचें वाचन

महाराष्ट्र राज्य वीज मंडळ सन १९६० मध्यें स्थापन झालें. सन २००३ च्या विद्युत् कायद्यानंतर त्याचे विभाग होऊन सन २००५ मध्यें वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे आलें. वाशी, नेरूळ, ऐरोली, पनवेल येथील घरांस वीज पुरविते ती हीच कंपनी. दर कंपनी ठरवीत नाहीं. सन १९९९ मध्यें स्थापन झालेला राज्य वीज नियामक आयोग सुनावणी घेऊन ठरवितो. आतां वर सांगितलेली त्रयी हातीं घेऊन बिल वाचूं.

स्थिर आकार हा ठरीव. एक फेज व तीन फेज यांचा आकार वेगळा असतो, व तीन फेजचा अधिक. घरांत जड यंत्रें राहिलीं नसतां तीन फेजची जोडणी चालू असेल, तर न वापरलेल्या सज्जतेचें भाडें दरमहा जातें. हें एक कलम असें आहे कीं, अर्ज करून तें कमी करणें ग्राहकाच्या हातीं असतें.

वीज आकार हा आगाऊ सांगून बदलणारा, म्हणजे इस्ताव्याच्या जातीचा. महिन्याच्या वापराचे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, व ५०० हून अधिक, असे टप्पे केलेले असतात, आणि पुढच्या टप्प्यांतील युनिटांस चढता दर लागतो. टप्पा ओलांडला म्हणजे सर्व युनिटांस चढा दर लागतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. पहिले शंभर पहिल्याच दरानें आकारले जातात. म्हणून जो युनिट वांचवाल तो आपल्या सर्वांत वरच्या टप्प्यांतला वांचतो, व त्याच दराची बचत होते. वहन आकार वीज तारांतून आणण्याबद्दलचा. तोहि युनिटांवर व आदेशांत ठरलेल्या दरानें.

इंधन समायोजन आकार मात्र आगाऊ न सांगतां बदलणारा. कोळसा, वायु व बाहेरून घेतलेली वीज यांच्या खर्चांत आयोगाच्या अंदाजाहून जो फरक पडतो, तो या वाटेनें ग्राहकापर्यंत पोंचतो. हा बटाईचा अंश होय, आणि तो नाकारण्याची सोय ग्राहकास नाहीं. वीज शुल्क हें शासनाचें. तें शेंकडेवारीनें लागत असल्यामुळें इतर कलमांबरोबर चढतें-उतरतें.

येणेंप्रमाणें ज्याला आपण साधा ठरीव दर म्हणतों, त्यांत तिन्ही जाती मिसळलेल्या आहेत. शिवाय ठरीव म्हणजे ताम्रपटावरील 'आचंद्रार्क' नव्हे. सन २०२५-२६ ते २०२९-३० या पांच वर्षांसाठीं आयोगानें मार्च २०२५ मध्यें आदेश दिला. तो लगोलग स्थगित झाला, आणि जून २०२५ मध्यें फेरविचाराचा दुसरा आदेश आला. पांच वर्षांचा म्हणून निघालेला कौल तीन महिन्यांत बदलला. आंकडे नेहमीं हातांतील चालू बिलावरूनच घ्यावे, असें म्हणण्याचें कारण हें आहे.

(५) दिवसाची सूट

सूर्यशक्तीवर चालणारीं केंद्रें वाढल्यापासून दुपारीं वीज विपुल व सायंकाळीं तोकडी, अशी स्थिति झाली आहे. त्यामुळें केंद्र सरकारनें जून २०२३ मध्यें ग्राहक-हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून वेळेप्रमाणें दर लावण्याचें धोरण घातलें. सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत दर नेहमींहून किमान शेंकडा २० कमी असावा, आणि गर्दीच्या वेळीं घरगुती ग्राहकास तो किमान १.१ पट असावा, असें त्यांत आहे. महाराष्ट्रांत १ जुलै २०२५ पासून नव्या मीटरच्या घरगुती ग्राहकांस सकाळीं ९ ते सायंकाळीं ५ या वेळेंतील वापरावर युनिटामागें ८० पैशांपासून पुढें वर्षागणिक १ रुपयापर्यंत सूट जाहीर झाली. हा सुटीचा इस्तावा म्हणावयाचा.

तिचें मोल किती, हें मोजून पाहूं. एका घरांत महिन्यास २४० युनिट लागतात व त्यांपैकीं ८० दिवसाच्या आठ तासांत लागतात असें धरूं. ८० पैशांनीं सूट ६४ रुपये होते. गीझर, इस्त्री व कपडे धुण्याचें यंत्र यांचे आणखी ३० युनिट दिवसाकडे ओढले तर २४ रुपये वाढतात. जें जोडपें सकाळीं आठाच्या आंत लोकल गाडी गांठतें व सायंकाळीं सातानंतर परततें, त्याच्या घरीं दिवसा बहुधा शीतकपाटच चालतें. दिवसाला एक युनिट धरल्यास आठ तासांचा हिशेब महिन्यास दहा युनिट, व सूट ८ रुपये. तेव्हां सवड ज्याच्याजवळ, सूट त्याची. घरीं बसून पोथी वाचणाऱ्या निवृत्तास ती आपोआप मिळते; उपनगरी गाडीच्या वेळापत्रकांत अडकलेल्यास ती फारशी मिळत नाहीं. उद्यां गर्दीच्या वेळेचा चढा दर घरगुती ग्राहकास लागला, तर तो मात्र या दुसऱ्या घरावरच पडेल. आणि जे ३० युनिट सरकविण्यानें २४ रुपये वांचतात, तेच मुळीं न वापरल्यास त्यांचा पुरा दर वांचतो. वापर आवरणें हें वापर सरकविण्याहून केव्हांहि श्रेष्ठ.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. खाडीकांठच्या दमट हवेंत पावसाळ्यामध्यें पोथ्यांच्या खोलींत ओल शोषणारें यंत्र ठेवावें लागतें. ३०० वॉटांचें यंत्र दिवसाचे आठ तास चाललें तर २.४ युनिट, म्हणजे महिन्यास ७२ युनिट व सूट ५७ रुपये ६० पैसे. ही सूट घ्यावी. पण तिच्या लोभानें यंत्र दिवसाच तेवढें चालवून रात्रीं बंद ठेवण्याचा नेम करूं नये. रोज कोरडें व रोज दमट असें होत राहिलें, तर कागद व भूर्जपत्र आकसतें-फुगतें, आणि शाई सुटूं लागते. खोलींत आर्द्रतामापक ठेवून रात्रींचा आंकडा किती चढतो तें पाहावें. दार बंद ठेवून आर्द्रता स्थिर राहत असेल तर सूट निर्धास्त घ्यावी. नसेल तर रात्रींचेंहि बिल सोसावें. पोथी एकदां बुरशीनें गेली म्हणजे कोणताहि आयोग ती परत देत नाहीं.

(६) परदेशांतील दोन दाखले

ज्यांस निवडीचें पूर्ण स्वातंत्र्य आहे, त्यांचे अनुभवहि पाहण्याजोगे आहेत. अमेरिकेच्या टेक्सस संस्थानांत कांहीं घरांनीं घाऊक बाजाराचा दर जसाच्या तसा पत्करला होता. एरव्हीं त्यांना वीज स्वस्त पडे. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळांत घाऊक दर युनिटास ९ डॉलरपर्यंत गेला, आणि थोड्या दिवसांत कांहीं कुटुंबांचें देणें हजारों डॉलरांवर पोंचलें. थंडींत घर तापविल्यावांचून गत्यंतर नव्हतें, म्हणून वापर हटविण्याची वाटहि बंद होती. चल दर पत्करणाऱ्याजवळ वापर हटविण्याची सवड किंवा एक वाईट महिना सोसण्याइतकी शिल्लक असावी लागते. दोन्ही नसतील तर तो जुगार होय.

इंग्लंडांत सन २०१९ पासून चल दरावर नियामकानें कमाल मर्यादा घातली आहे. तेथें सन २०२१ मध्यें वायूचे भाव भडकल्यावर सुमारें तीस पुरवठादार थोड्या अवधींत बंद पडले. ज्यांनीं त्यांच्याकडे स्वस्तांत दर बांधून घेतला होता, त्यांना दुसऱ्या पुरवठादाराकडे मर्यादेच्या चल दरानें जावें लागलें. बांधलेला दर कंपनीबरोबर बुडाला. ठराव हा इजारदाराच्या ऐपतीइतकाच भक्कम असतो, याचें हें अर्वाचीन उदाहरण.

(७) निर्णयाची कसोटी

निर्णयाची रीत येणेंप्रमाणें सांगतां येईल. प्रथम मागील बारा महिन्यांचीं बिलें एकत्र लावावीं. एका बिलावरून अनुमान काढणें हें एका सुट्या पत्रावरून बखर लिहिण्यासारखें आहे. मे महिन्याचें एसीचें बिल व डिसेंबरचें बिल यांत किती अंतर आहे, तें पाहावें. नंतर तीन प्रश्न विचारावे. आपली मिळकत ठरीव आहे कीं चढती-उतरती? आपल्या वापरांतील कोणते युनिट वेळ बदलून चालतील? आणि सर्वांत वाईट महिना आला तर तो कर्ज न काढतां सोसवेल काय?

मिळकत ठरीव, वापर अचल व शिल्लक थोडी, अशा घरानें निवड मिळेल तेथें ठरीव दर घ्यावा, व त्याबद्दल थोडें अधिक पडलें तरी तें निश्चिंतीचें मोल समजावें. मात्र भाव भडकलेले असतांना लांब मुदतीचा दर बांधूं नये. वापर हलविण्याची सवड असेल, शिल्लक असेल, व दरावर वरची मर्यादा घातलेली असेल, तर चल दरास भिण्याचें कारण नाहीं. नवी मुंबईंतील ग्राहकास एवढी व्यापक निवड आज नाहीं. परंतु दिवसाची सूट, फेजची निवड आणि वरच्या टप्प्यांतील युनिट आवरणें, या तीन वाटा त्याच्या हातांत आहेत, व त्यांपैकीं शेवटची सर्वांत फलदायी आहे.

जातांजातां संग्राहकांस एक विनंति. हीं बिलें रद्दींत न टाकतां वर्षवार बांधून ठेवावीं. दोनशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या गांवचा आकार, सूट, वसूल व बाकी यांचा सलग मेळ ज्यांना दहा रुमाल धुंडाळूनहि लागला नाहीं, त्यांना अशा बांधलेल्या बारा कागदांचें मोल सांगावयास नको.